वारूळ दुपारी हलवावं

१२ एप्रिल

प्रिय दादा,

आईचा दंडक म्हणून लिहायला बसले आहे. फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो आणि तिसऱ्याला फोन आपटतो. पत्रात निदान दोघांना एकदम बोलता येत नाही, असं ती म्हणते. मला ते पटलं आहे. शिवाय इथला फोन वनचौकीत आहे आणि मी बोलायला लागले की तिथला रखवालदार खुर्ची जवळ ओढून बसतो. आपल्या घरातलं त्याला आता माझ्याइतकंच ठाऊक आहे.

वहिनीने माझं काम काय असं विचारलं तेव्हा तू "मुंग्यांच्या बदल्या करते" असं सांगितलंस म्हणे. टोमणा होता, पण खोटा नाही. जंगलाच्या कडेचा रस्ता रुंद व्हायचा आहे आणि बरोबर वाटेत एक जुनं वारूळ आहे. पाइनच्या वाळक्या सुयांसारख्या पानांचा ढीग, माझ्या छातीपर्यंत उंच. इंजिनिअर म्हणतो, मुंग्याच त्या, जातील कुठेतरी. त्याला मी झाडांखाली नेऊन उभं केलं. एकेक मुंगी खोडावरून उतरत होती आणि जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडात हिरवी अळी होती. हे वारूळ गेलं की त्या अळ्यांना रान मोकळं, आणि मग पानांची नुसती जाळी. शिवाय वारुळात भाडेकरू पुष्कळ. भुंगेरे आहेत, कोळी आहेत, काही फुकटे तर मुंग्यांच्याच हातचं खाऊन जगतात. आपल्याकडे धाकटे काका राहायचे तसे.

नवी जागा मी हेरून ठेवली आहे. मधला गवताळ पट्टा ओलांडला की पलीकडे तशीच झाडं, तसाच उतार, सकाळचं ऊनही तसंच.

एवढ्या चावऱ्या मुंग्या हलवणार कशा, हे तू विचारणारच. वारूळ भर दुपारी हलवायचं. आत असतात त्या कोवळ्या मुंग्या, अळ्या आणि कोष सांभाळत बसलेल्या, गरीब स्वभावाच्या. बाहेरची कामं सगळी म्हाताऱ्यांची. मुंग्यांत वय झालं की घराबाहेर पडायचं, आपल्या उलट. चावणाऱ्या, तिखट पाणी उडवणाऱ्या, अंगावर धावून येणाऱ्या त्याच. दुपारी त्या झाडांवर गेलेल्या असतात. तेवढ्यात घर उचलायचं. कटकट नाही, आरडाओरडा नाही. म्हाताऱ्या येतात मागाहून वास काढत. निदान यायला हव्यात.

आईच्या गुडघ्याचं काय? तिच्या पत्रांत फक्त विणायला आलेल्या खुर्च्यांच्या बातम्या असतात.

तुझी,
किडू

२१ एप्रिल

प्रिय किडू,

खुर्च्यांच्याच बातम्या असणार. पडल्याची बातमी ती कशाला देईल? मागच्या पंधरवड्यात ती जिन्यात पडली, आणि ही दुसरी वेळ. वेताचा भारा घेऊन चढत होती. खालच्या शिंप्याने आवाज ऐकला म्हणून बरं, नाहीतर तशीच बसून राहिली असती. मी धावत गेलो तर मला म्हणते, "पाय मुरगळला, पण वेत एकही मोडला नाही." जसा काही मी वेताची चौकशी करायला गेलो होतो.

माझी गंमत बघ. मी जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतोय आणि माझी आई राहते त्या इमारतीत लिफ्ट बसवायला जागाच नाही. तिसरा मजला, अरुंद जिना, कठडा अर्ध्यावर येऊन संपलेला. इकडे माझ्याकडे एक खोली मोकळी आहे, उजेड आहे, मी स्वतः तेल घातलेली लिफ्ट आहे. तिला चारदा सांगून झालं, आता इकडे राहायला ये. तर म्हणते, "माझी गिऱ्हाइकं कुठे तुझ्याकडे चढून येतील?" म्हटलं, लिफ्टने येतील. तर म्हणते, "लिफ्टमध्ये चार माणसं मावतात, आरामखुर्ची मावत नाही." 

मला झोप लागत नाही. कामावर फोन वाजला की वाटतं, शिंप्याचाच असणार. परवा एका लिफ्टच्या खोलीत उभा होतो, हातात पाना, आणि नेमकं काय करायला आलोय तेच आठवेना.

तुझं दुपारचं शास्त्र वाचून आधी हसू आलं. मग पुन्हा वाचलं. मावशी आईला कधीपासून बोलावतेय. बघू या. धाकट्या बहिणीच्या विद्येचा घराला कधीतरी उपयोग झाला पाहिजे.

दादा

२ मे

प्रिय दादा,

आई पडली आणि हे मला तू दोन आठवड्यांनी सांगतोस. तिने लपवलं, तूही लपवलंस, आणि वर मुंग्यांच्या विद्येची थट्टा. मी तिला पत्र टाकलं आहे. तूही तिच्याशी नीट बोल. सांगू नकोस, बोल. तुझ्या सांगण्यात आणि लिफ्टच्या दारातल्या सूचनेत फरक नसतो.

इकडे वारूळ हललं. चार दिवस धाकधूक होती, पण हललं. थर मोडू नयेत म्हणून वरची पानं वेगळ्या पोत्यांत, मधली वेगळ्या, तळची माती, कोष आणि राण्या वेगळ्या भरल्या. पलीकडे नेऊन त्याच क्रमाने रचलं. दारं होती त्या बाजूला दारं. जुन्या वारुळाच्या पोटात एक कुजका बुंधा होता, तोसुद्धा चौघांनी उचलून नेला. इंजिनिअर बघतच राहिला. म्हणाला, "बाई, मुंग्यांना कळणारसुद्धा नाही घर बदललं ते." मला खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दुपारची वेळ साधल्यामुळे हाताला फारशा चावल्याही नाहीत.

जुन्या जागी खड्डा उरला आहे. संध्याकाळी म्हाताऱ्या झाडांवरून उतरल्या आणि त्या खड्ड्यात उभ्या राहिल्या. तोंडात अळ्या तशाच धरलेल्या. मी त्यांतल्या जमतील तितक्यांच्या पाठीवर पांढरा ठिपका दिला, म्हणजे पुढे ओळखता येतील. येतील हळूहळू नव्या जागी. नाक तिखट असतं त्यांचं.

ऑफिसला "स्थलांतर यशस्वी" असं कळवलं आहे. तरी मी रोज सकाळी आधी खड्ड्याकडेच जाते. का, ते विचारू नकोस.

किडू

१३ मे

प्रिय किडू,

सुंठीवाचून खोकला गेला. आई माझ्याकडे आली.

तुला आधी कळवलं नाही, कारण तू लांबून उंटावरून शेळ्या हाकल्या असत्यास. आई मावशीकडे गेली आणि त्याच दिवशी मी कामाला लागलो. आधी खोलीचे चहूबाजूंनी फोटो काढले. मग त्याबरहुकूम इकडे मांडलं. पलंग खिडकीकडे डोकं करून. पलंगाच्या उजव्या हाताला बुटकं स्टूल. वेत भिजवायचं घमेलं दाराशी, खुर्चीची भोकं मोकळी करायची अरी आणि वेत अडकवायच्या लाकडी खुंट्यांचा डबा फळीवर, रेडिओ त्याच्या शेजारी, अगदी थोडा भिंतीकडे वळवून. तिची ती भिंतीवरची खिळ्यांची रांगसुद्धा मी तशीच ठोकली. माझे दोन हेल्पर म्हणाले, साहेब, आम्हाला तर कळतच नाही आपण कुठल्या घरात आहोत.

मावशीकडून येताना मी तिला गाडीने थेट इकडेच आणलं. ती दारात उभी राहिली. सगळीकडे नजर फिरवली. मग पलंगावर बसली, चपला न काढता.

"कोणी उचललं सगळं?" एवढंच विचारलं.

"मी आणि दोन पोरं," म्हटलं.

"बरं," म्हणाली.

बस. ना रडणं, ना भांडण. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेईल. तुझं शास्त्र खरं निघालं. जुनी खोली जूनअखेर मालकाला द्यायची आहे. तोवर चावी शिंप्याकडे ठेवली आहे. तुझी वहिनी तेवढी म्हणते, "इतकं गप्प माणूस मला बरं वाटत नाही." तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

मी चार दिवस छान झोपलो.

दादा

२० मे

दादा,

हे काय करून बसलास?

तुझं पत्र मी चालत चालत वाचलं आणि मग गवतात बसून पुन्हा वाचलं. तिला न विचारता तिचं घर उचललंस, आणि वर माझं नाव घेतोस. मी वारुळाचं लिहिलं होतं, दादा. आईचं लिहिलं नव्हतं.

आणि वारुळाचंही खोटंच ठरतंय. तुला सांगायचं नव्हतं, कारण तू हसला असतास. आता हस. नवं वारूळ बसत चाललं आहे. वरचा घुमट रोज थोडा खचतो आणि तो रचायला कोणी वर येत नाही. आत कोवळ्या मुंग्या आहेत, राण्या आहेत, कोष आहेत, सगळं जागच्या जागी आहे. पण अन्न नाही. त्या दारातून बाहेर येतात, थोड्या फिरतात आणि परत आत जातात. झाडं हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांवर मावा आहे, माव्याचा गोड चिकटा पानांवरून ठिबकतोय, आणि यांना तिकडे जायचं कळत नाही. कारण झाडाची वाट मुंगी पोटातून शिकून येत नाही. थंडी संपली की म्हातारी मुंगी एका कोवळ्या मुंगीला बरोबर घेते आणि आपल्या झाडापर्यंत चालत नेते. दरवर्षी. ज्यांना वाटा ठाऊक होत्या त्यांनाच मी मागे ठेवलं. चावतात म्हणून.

काही कोवळ्या वाट चुकून गवतात शिरतात. तिथे बारक्या काळ्या मुंग्यांचं राज्य आहे. गवताच्या बुडाशी त्यांची मातीची घरं असतात, इतकी की तो पट्टा म्हणजे सलग एकच वस्ती म्हण ना. त्या पाचसहा जणी मिळून एकीला धरतात. मी बघत बसते. मध्ये पडून उपयोग नसतो.

म्हाताऱ्या अजून खड्ड्यातच आहेत. पांढरे ठिपके सगळे तिथे. झाडावर जातात, अळी आणतात आणि खड्ड्यात ठेवतात. ती खाणारं कोणी नाही तिथे.

आई वेत विणते का? तिच्याकडे कोण येतं? एवढं तरी कळव. ती मला नीट लिहीत नाहीये. परवा पत्र आलं त्यात फक्त "मी ठीक" होतं आणि खुर्चीचा शब्द नव्हता.

किडू

४ जून

प्रिय किडू,

तुझ्या पत्राला मी उत्तर देणार नव्हतो. तू जंगलात बसून अक्कल शिकवायची आणि मी जिन्यातले आवाज ऐकायचे, ही वाटणी मला मान्य नाही. ती पडली असती तर तूच पहिली विचारणार होतीस, तू काय करत होतास म्हणून.

पण आता भांडायची शक्ती नाही. आईचं काहीतरी बिघडलं आहे.

घरातल्या वस्तू नाहीशा होताहेत. आधी अरी गेली. मला वाटलं पडली असेल पलंगाखाली. मग खुंट्यांचा डबा. मग एक दिवस घमेलं, किडू, एवढं मोठं घमेलं. काखेत कळसा नको म्हणून सगळं घर उलथं केलं, बाल्कनीसुद्धा पाहिली. आईला विचारलं तर म्हणते, "असेल कुठेतरी." तेही इतक्या शांतपणे की मलाच आपण वेडे आहोत असं वाटायला लागलं. परवा स्टूल गेलं. काल रेडिओ. भिंतीवरचे खिळे तेवढे आहेत.

सकाळी आम्ही कामावर निघालो की तीही बाहेर पडते. पाय मोकळे करायला, म्हणते. कापडी पिशवी खांद्याला लावून. संध्याकाळी परत येते, पोटभर जेवते आणि पलंगावर पाठ टेकल्याबरोबर घोरायला लागते. वहिनी म्हणते, "सासूबाई उलट तरतरीत दिसतात हल्ली." दिसणारच. आत्याही तशीच दिसायची. आठवतं ना, आत्याचं कसं सुरू झालं होतं? चमचे लपवण्यापासून. आणि शेवटी तिने मला विचारलं होतं, बाळ, तू कोणाचा?

मला ते पुन्हा बघवणार नाही. मेंदूच्या डॉक्टरांची या वीस तारखेची वेळ घेतली आहे. तिला सांगितलं गुडघा दाखवायचाय. दाराला बाहेरून कडी लावावी का, असंही मनात येतं. लिहिताना लाज वाटते, पण येतं. ती वाट चुकली तर मी कुठे शोधू?

तू आलीस तर बरं होईल.

दादा

११ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आत्याचं सगळं आठवलं. डॉक्टरकडे ने. मी येते, पण लगेच नाही जमणार. रस्त्याची यंत्रं येऊन उभी राहिली आहेत आणि वारुळाचा निकाल लागेपर्यंत मी हलले तर ते खड्डा बुजवून मोकळे होतील, म्हाताऱ्यांसकट. कडी मात्र लावू नकोस. एवढं माझं ऐक. बाहेरून कडी लावलेल्या घरात आपली आई आहे हे मला इथे बसून

दादा, पत्र काल अर्धं टाकून गेले होते. रखवालदार हाका मारत आला, "बाई, तुमच्या मुंग्या कुंपणावर चढल्या." आज बारा तारीख, सकाळ. मी शुद्धीवर आहे, नीट वाच.

गवताळ पट्ट्यातून मोजणीवाल्यांनी एक लाकडी कुंपण घातलं आहे, आडव्या दांड्यांचं. म्हाताऱ्यांनी त्याच्या वरच्या दांड्यावरून वाट काढली आहे. खाली गवतात काळ्या मुंग्या, आणि या त्यांच्या डोक्यावरून निवांत. पार नव्या वारुळापर्यंत. मला इतका आनंद झाला की मी रखवालदाराचा हातच धरला. म्हटलं, आल्या, सापडलं घर.

मग मी वाकून बघितलं. पांढरा ठिपका असलेली प्रत्येक मुंगी नव्या वारुळाकडे जाताना रिकामी होती आणि परत जाताना भरलेली. तोंडात कोवळी मुंगी, अंगाची गुंडाळी करून गप्प लटकलेली. कोणाच्या तोंडात कोष. कोणी वारुळातली पानाची एक काडी घेऊन चाललेली. राहायला आल्या नव्हत्या त्या. न्यायला आल्या होत्या. एकेक करून सगळं घर त्या खड्ड्याकडे परत नेताहेत, आणि खड्ड्यात ओंजळभर घुमट उभासुद्धा राहिला आहे.

मी तिथेच बसून तुझं पत्र खिशातून काढलं.

दादा, काय काय हरवलं ते पुन्हा वाच. आधी अरी, मग खुंट्या, मग घमेलं, मग स्टूल. खुर्ची विणायला बसायचं तर नेमकं हेच लागतं. रेडिओ सगळ्यात शेवटी, कारण हात चालू असले की तिला गाणी लागतात. आत्या चमचे लपवायची ते गादीखाली सापडायचे. आईची एक तरी वस्तू सापडली का तुला? वेड लागलेलं माणूस इतकं हिशेबाने वागत नाही. ती हरवत नाहीये, ती नेतेय. पिशवी कशाला लागते पाय मोकळे करायला? आणि चावी कोणाकडे आहे? शिंप्याकडे. जो तिच्या पडण्याचा आवाज ओळखतो त्याच्याकडे.

डॉक्टरकडे नेण्याआधी जुन्या खोलीवर जा. एकटा जा, हेल्पर नकोत. गाडीही नको, चालत जा. आणि वर पोहोचल्यावर पहिलं वाक्य तू बोलू नकोस.

इंजिनिअरपाशी मी थोडी मुदत मागितली आहे. म्हटलं, मी चुकले, वारूळ पुन्हा हलवायचं आहे. या खेपेला अगदी पहाटे, गारव्यात, म्हाताऱ्या घरात असताना. चावतील. चावू देत. तो म्हणाला, "पण तुम्हीच म्हणाला होतात ना, दुपारी." मी म्हटलं, हो, मीच म्हणाले होते. तो हो म्हणेल की नाही, अजून कळलेलं नाही. सकाळपासून बसवत नाहीये मला एका जागी.

किडू

१९ जून

प्रिय किडू,

हे पत्र मी आईच्या पलंगावर बसून लिहितोय. पलंग दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकला आहे. शिंपी एका कोटाची काजं करतोय, ती झाली की हात लावायला येतो म्हणालाय. तोवर मला कागद-पेन्सिल तोच देऊन गेला. चढणारी-उतरणारी माणसं पलंगावरून पाय टाकून जातात आणि जाताना मला नमुनेदार सल्ले देतात.

तुझं पत्र आल्यावरही दोन दिवस मी गेलो नाही. खरं असेल तर काय आणि खोटं असेल तर काय, दोन्हीची धास्ती. काल गेलो. चालत. शिंप्याने मला बघितलं आणि सुईत दोरा ओवायला लागला, मान वर केली नाही. दुसऱ्या मजल्यावरच रेडिओ ऐकू आला.

दार उघडं होतं. आई स्टुलावर, समोर बैठक नसलेली खुर्ची, घमेल्यात वेत. दारापाशी दोन बायका आपापल्या खुर्च्या घेऊन थांबलेल्या. बाकी खोली रिकामी, पण जे होतं ते जागच्या जागी. मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पहिलं वाक्य माझं नको, असं तू बजावलं होतंस.

"आलास?" ती म्हणाली. "तो वेताचा शेंडा धर. ओढ. एवढा नको."

मी धरला. बायका गेल्यावर विचारलं, "आई, हे सगळं तू एकटीने वर आणलंस? पडली असतीस तर?"

"एका खेपेला एकच वस्तू. दुसरा हात भिंतीला. भारा घेतला होता तेव्हा पडले होते, ते मला कळलं. तुला वाटलं मला जिना जमत नाही."

"मला सांगायचं तरी."

"तू मला सांगितलं होतंस?"

मी घमेल्यातला पुढचा वेत काढून तिच्या हातात दिला. मग ती जरा नरमली. म्हणाली, "मावशीकडून येताना मी डब्यात वड्या ठेवल्या होत्या खालच्या पोरांसाठी. गाडी आपल्या रस्त्याला वळलीच नाही, तेव्हा कळलं. तेव्हा बोलले असते तर वाईट बोलले असते. तू सगळं इतकं नीट मांडलं होतंस. खिळेसुद्धा. कोणत्या तोंडाने भांडणार? पण रे, त्या खोलीत मी सोडून सगळं बरोबर होतं."

किडू, मला तिथेच रडू आलं. चाळिशी उलटलेला माणूस, हातात ओला वेत.

शेवटी विचारलं, "मग रात्री परत का येत होतीस माझ्याकडे?"

"झोपणार कशावर? पलंग तिकडे होता ना. तो मला उचलवेना. म्हटलं, ज्याने नेला तो आणेल. तेवढी वाट बघत होते."

म्हणून आज रजा टाकली आणि पलंग आणला. तुझ्या वहिनीने आईच्या कपड्यांच्या दोन पिशव्या भरून दिल्या आणि वर मला ऐकवलंही, "म्हटलं नव्हतं?" मालकाला कळवलं, खोली सोडत नाही. डॉक्टरांची उद्याची वेळ आहे, ती गुडघ्यासाठी वापरू का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, बघू. मग हेही विचारलं, जिन्याला वरपर्यंत कठडा लावू का? तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "लाव की. लाकडी लाव. आणि गुळगुळीत कर, वेत अडकता कामा नये." चारदा सांगून जे झालं नाही ते एकदा विचारून झालं. तरी धास्ती गेलेली नाही. कठडा लागला तरी शिंप्याचा फोन वाजला की मी दचकणार. आता ती माझी सवय समज.

तुझ्या इंजिनिअरने मुदत दिली का, ते कळव. पहाटे हलवणार असशील तर हातमोजे घाल. मला म्हाताऱ्यांचा अनुभव आहे.

शिंपी जिना चढतोय, त्याची चप्पल वाजते. आई वरून ओरडून विचारतेय, कोणाला लिहितोयस एवढं. म्हटलं, किडूला.

"तिला लिही, मुंग्यांचं आटोपलं की इकडे यायचं म्हणून." मग वरचा रेडिओ बारीक झाला. मग पुन्हा, जरा हळू: "नको. तसं नको लिहू. विचार तिला, येतेस का."

येतेस का?

दादा